उघड्या दरजा

रविवार, सकाळ
नदीकाठ, जैनथ मंडल

प्रिय तेजू,

पाकिटावर माझं अक्षर पाहून तू आधी घाबरशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगतो. मी बरा आहे, तुझी आई बरी आहे, आणि पंपघरामागं बांधलेली आपली शेळीसुद्धा पुरातून वाचली आहे. फोन असताना पत्र कशाला, असं विचारशील. फोनवर तू मला बोलू देतेस कुठं? "बाबा, जेवले का? गोळी घेतली का?" एवढं विचारतेस आणि मी हो म्हणेपर्यंत आईकडे फोन द्यायला सांगतेस. पुरानंतर तर आणखीनच. कागद निदान मध्येच तोडत नाही. तुझी शाळा तेलुगूत झाली, मराठी मी घरी पाटीवर गिरवून घेतलं, म्हणून अक्षर मोठं काढतो आहे. आई म्हणते, "एवढं मोठं काय काढून राह्यले, पोरगी इंजिनेर हाय, आंधळी नाही." ती माझ्या शेजारी मेथी निवडत बसली आहे आणि मी काय लिहितो ते वाकून पाहते आहे.

पूर ओसरून चार आठवडे झाले. काठ तुटला तसाच आहे. ऑफिसनं तुला घरी बसवलं, चौकशी लावली, आणि जैनथच्या आठवडी बाजारात कोणीही उठतो आणि म्हणतो की बाईसाहेबांनी केलेलं काम एका पुरात गेलं. मागच्या आठवड्यात एका टमाटेवाल्यानं मला ओळखलं नाही आणि माझ्याच तोंडावर बोलला. मी टमाटे तिथंच ठेवले आणि निघून आलो. तुझी नोकरी जाईल की राहील हे अजून कोणी सांगत नाही. काठ कशानं तुटला हे तुला माहीत आहे, मला माहीत आहे, आणि आपण दोघं एकमेकांशी गोळ्या-औषधांबद्दल बोलतो. हे आता पुरे.

तू सात वर्षांची होतीस तेव्हापासून सुट्टीत माझ्याबरोबर कामावर यायचीस. दोरीचं एक टोक तू धरायचीस, दुसरं मी. इंद्रवेल्लीकडच्या शाळेचं जोतं बांधलं तेव्हा तू विचारलं होतंस की दोन दगडांमधली फट बुजवायची कशाला. मी म्हणालो होतो की तिला फट म्हणू नको, दरज म्हण, आणि दरज उघडी ठेवणारा मिस्त्री नव्हे. आज मुंगी शिरेल, उद्या पाणी शिरेल, परवा भिंत जाईल. तू ते इतकं मनावर घेतलंस की घरी येऊन आईच्या चुलीच्या भेगा मातीनं भरत बसलीस. आणि माझी ती खूण आठवते ना? तीन दरजा जिथं मिळतात, तिथं ओल्या सिमेंटात थापीचं टोक दाबून मी जवसाच्या दाण्याएवढा खळगा करायचो. लोक सही करतात, मी ते करायचो. चाळीस वर्षं केलं. बोथपासून इथपर्यंत कितीतरी जोत्यांवर तो खळगा सापडेल, आणि तो तू आणि मी सोडून कोणाला दिसत नाही, असं आपण म्हणायचो.

मग नदी वळणावर काठ खाऊ लागली आणि ते काम तुझ्याकडे आलं. पंपघर, त्याच्या मागची नळाची विहीर, त्याला लागून शेजारच्या चंद्रभागाबाईची वांग्याची वाडी, आणि मग घरं. तू मोजमापं घ्यायला आलीस तेव्हा मी मनातल्या मनात भिंत बांधून मोकळा झालो होतो. काळ्या दगडाची, ओळंब्यात, दरजा उठावदार भरलेल्या. आणि तू काय केलंस? खाणीतला फोडलेला दगड ट्रॅक्टरनं आणला, खाली मुरूम आणि गिट्टी पसरली, वर दगड उतारानं रचले आणि सोडून दिले. ना चुना, ना सिमेंट. मी विचारलं तेव्हा तू पायथ्याशी उकिडवी बसून मला समजावलंस. पाणी खालची माती कोरणारच, त्याला कोरू द्यायचं. कोरलं की वरचा दगड घसरून त्या खड्ड्यात बसतो आणि खड्डा बुजतो. त्याला बांधून ठेवलं तर तो उतरणार कसा? आणि पुरात काठात मुरलेलं पाणी परत नदीत यायला वाट लागते, ती दगडांमधूनच. तुझं बोलणं मी सगळं ऐकलं आणि मान डोलावली. खरं सांगू? एक शब्द आत गेला नव्हता. जो दगड हलतो, तो बसवणाऱ्याची लाज काढतो, एवढंच मला येत होतं.

गावानंही मला सुखानं राहू दिलं नाही. बाबाराव रोज बसस्टँडवर गाठायचा. "काऊन हो मिस्त्री, पोरीनं नुस्ते गोटे टाकून देल्ले अन् गेली? मिस्त्र्याची पोरगी हाय का टिप्परवाल्याची?" लोक हसायचे. मीही हसायचो, पण जेवण गोड लागत नव्हतं. तुझी आई म्हणाली की लोकांना काय कळतं. मी तिला म्हणालो नाही, पण मलाही तसंच वाटत होतं जसं लोकांना.

एप्रिलच्या शेवटी ज्वारी दळायला नागनाथच्या चक्कीवर गेलो. चक्की सुरू होती, पट्टा फडफडत होता, आणि नागनाथ मोबाइल डोळ्यांपुढं धरून ओरडून मला वाचून दाखवत होता. "मिस्त्री, आयका! तुमच्या पोरीच्या कामाची तक्रार वर गेली. लिहून राह्यले का कामाले दरजा नाही. सायेब पाहाले येनार हाये." माझ्या हातातून डबा सुटला. तक्रार! आणि तीही काय, तर दरजा नाहीत. मग त्यात खोटं काय होतं? नव्हत्याच दरजा. आंधळ्यालाही दिसत होतं. सुधाकर मिस्त्र्याच्या लेकीच्या कामाला दरजा नाहीत, असं वर लिहून गेलं, आणि साहेब येऊन ते पाहणार. तू तेव्हा हैदराबादला ट्रेनिंगला होतीस. तुला फोन करावासा वाटला नाही का? वाटला. पण तू नको म्हणशील हे माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच केला नाही. ही गोष्ट मला लपवायची नाही.

त्याच दिवशी मी चक्कीवर सगळ्यांना थांबवलं आणि म्हणालो, पोरीचं नाव गावाचं नाव आहे, दरजा मी भरतो, सिमेंट तुम्ही द्या. आणि लोकांनी दिलं, तेजू. थट्टा करणाऱ्या बाबारावनं घराच्या ओट्यासाठी आणलेली पोती आपल्या बैलबंडीत घालून आणली. वाळू तर नदीतच होती. चंद्रभागा आणि चार बायका डोक्यावरून पाणी वाहत होत्या. पहाटे पाचला सुरू करायचो, ऊन चढलं की पंपघराच्या सावलीला बसायचो, उतरलं की पुन्हा. गुडघे दुखत होते पण हात असा चालत होता की काय सांगू. रिटायर होऊन चार वर्षं झाली होती. अकरा दिवस मी पुन्हा मिस्त्री होतो, आणि तेही तुझ्यासाठी. तीन दरजा मिळतील तिथं खळगा केला. पैलतीरावरून, महाराष्ट्राच्या बाजूनं, लोक पाहायला यायचे आणि म्हणायचे की बांध कसा चितारल्यासारखा दिसतो. खालच्या अंगाला अठरा हात जागा राहिली, तिथं सिमेंट संपलं. पाऊस झाला की भरू, म्हणालो. तुला कोणी सांगायचं नाही, असं मी सगळ्यांना बजावलं. हैदराबादहून तुला परस्पर बोथच्या तलावावर पाठवलं होतं, पोळ्याला घरी आलीस की दाखवायचं असं ठरलं. साहेब काही आलाच नाही.

पोळ्याच्या आठवडाभर आधी पैनगंगा आली. तीन दिवस चढत गेली. गाव काठावर उभं होतं आणि माझी छाती फुगत होती, कारण एक दगड हलला नाही. बाबारावनं माझ्या पाठीवर थाप मारली. चौथ्या दिवशी ऊन पडलं, पाणी उतरायला लागलं, लोक घरोघर गेले. आणि तेव्हा, भर दुपारी, ऊन लख्ख पडलेलं असताना, काठ पोटातून गुरगुरला. मी पंपघरापाशीच होतो. दरजांमधून आधी पाण्याच्या बारीक चिळकांड्या उडाल्या. मग बांधाचं पोट पुढं आलं, खालून सगळं पोकळ झालेलं होतं, आणि माझ्या हातानं जोडलेले दगड एकमेकांना धरून, अख्ख्या खाटेएवढे तुकडे होऊन, एकामागून एक नदीत गेले. त्यांच्यामागं माती. चंद्रभागेची वाडी गेली, वांगी लागलेली होती. पंपघराचा एक कोपरा हवेत राहिला. नऊ दिवस गावाच्या नळाला पाणी नव्हतं. माणूस कोणी गेलं नाही, एवढीच कृपा. काठात साठलेलं पाणी बाहेर यायला वाट शोधत होतं आणि त्याच्या सगळ्या वाटा मी बुजवल्या होत्या. तू पायथ्याशी बसून सांगितलेलं एक एक वाक्य मला तेव्हा कळलं. अगदी शब्दानं शब्द.

आणि अठरा हातांचा तो तुकडा? तो उभा आहे. दगड घसरले आहेत, वरची ओळ दीड हात खाली उतरली आहे, दिसायला सगळं विस्कटलेलं आहे, पण मागची माती जागची हललेली नाही. मी काठी घालून पाहिलं. पायथ्याला नदीनं खड्डा केला होता आणि दगड त्यात जाऊन नीट बसले होते, कोणी न सांगता. सिमेंट संपलं नसतं तर मी तेही भरलं असतं.

तू दुसऱ्या दिवशी आलीस, ऑफिसच्या जीपनं, दोन साहेबांबरोबर. मी लांब उभा होतो. ते दोघं सिमेंट पाहून तुझ्यावर ओरडत होते की नकाशात मोकळा दगड आहे, मग हे कोणाच्या हुकमानं भरलं. तू खाली वाकलीस आणि फुटलेला एक तुकडा उचललास. अंगठ्यानं त्याच्यावरची माती पुसलीस. तुझा अंगठा एका जागी थांबला. तेजू, मला तेवढ्या अंतरावरून खळगा दिसणं शक्य नव्हतं, पण तुझा अंगठा थांबलेला दिसला. तू वर पाहिलंस, माझ्याकडे. मग तो तुकडा हळूच पाण्यात सोडून दिलास आणि साहेबांशी तेलुगूत काहीतरी बोललीस. घरी येऊन भाकरी खाल्लीस, आईला वांग्याचं भरीत छान झालं म्हणालीस, मला गोळी घेतली का विचारलंस आणि गेलीस. तू रागावली असतीस तर बरं झालं असतं.

तू गेल्यावर मी तणतणत चक्कीवर गेलो. म्हणालो, नागनाथ, तूच वाचलं होतंस ना की दरजा नाहीत, दाखव कुठं लिहिलं आहे. त्यानं बिचाऱ्यानं शोधून दाखवलं. चष्मा लावून मी वाचलं. 'कामाला दर्जा नाही.' 'जा'वर रफार होता. दरजा नव्हे, दर्जा. काम चांगल्या प्रतीचं नाही, एवढंच कोणीतरी लिहिलं होतं, आणि तेही ज्याला काही कळत नाही अशानं. चक्कीच्या आवाजात रफार कसा ऐकू येणार? आणि शांततेत तरी मला वेगळं काय ऐकू आलं असतं? चाळीस वर्षं ज्याच्या डोक्यात एकच दरज, तो दुसरं ऐकतोच कशाला. नागनाथ आधी हसला आणि मग माझं तोंड पाहून त्यानं मला बसायला पोतं पुढं केलं. आईला सांगितलं तेव्हा ती मात्र हसतच राहिली, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला.

एवढ्यावर मी कदाचित कुढत बसलो असतो. पण परवा जावईबापूंचा फोन आला. पियुष फार बोलत नाहीत, तुला माहीत आहे, त्या दिवशी बोलले. म्हणाले, तिनं चौकशीत लिहून दिलं आहे की सिमेंट भरायची तोंडी परवानगी तिनंच दिली होती. का लिहिलं म्हणून विचारलं तर सांगत नाही, तुम्हाला काही माहीत आहे का बाबा? मी फोन ठेवला आणि इतका संतापलो की तुझी आई घाबरली. तेजस्विनी, तू खोटं लिहिलंस! पाटीवर ओळ वाकडी गेली तर पाटी पुसून पुन्हा लिहिणारी पोर, आणि सरकारी कागदावर, स्वतःच्या सहीनं खोटं! तुझं काम बरोबर होतं. अठरा हात काठ तिथं उभा राहून सांगतो आहे की बरोबर होतं. आणि तू लिहून देतेस की चुकलं? माझ्यासाठी लिहिलंस हे कळतं मला. ऊर भरून येतो आणि त्याच वेळी तुझ्या पाठीत धपाटा घालावासा वाटतो. मला कोणी झाकायची गरज नाही. माझ्या चुकीवर तू स्वतःला लिंपून घेशील, तर आतलं पाणी जाणार कुठं? ते तर तूच मला शिकवलंस.

गेले आठ दिवस मी नदीतून ओढून काढलेल्या तुकड्यांवरचं माझंच सिमेंट सोलतो आहे. छन्नी आणि हातोडा. भरायला अकरा दिवस लागले, काढायला महिने लागतील असं दिसतं, कारण काम पक्कं होतं, ते माझं काम होतं. बाबाराव घण घेऊन येतो, थट्टा करत नाही. चंद्रभागेपुढं मी मान खाली घालून उभा राहिलो तर ती म्हणाली, "मिस्त्री, पानी त मीच वाह्यलं होतं ना डोक्यावर. चला, आता गोटे साफ करू." आणि पदर खोचून बसली. साफ झालेला दगड पंपघराच्या अलीकडे रचून ठेवतो आहोत. काठाला हात लावलेला नाही. तुझा नकाशा आल्याशिवाय एक दगड तिथं ठेवणार नाही, ही माझी जबान आहे.

आता हे पत्र आजच का, ते सांगतो. उद्या सोमवार. सकाळच्या सातच्या बसनं मी जैनथला आणि तिथून आदिलाबादला चौकशीच्या साहेबासमोर जबाब द्यायला जातो आहे. नागनाथ, बाबाराव आणि चंद्रभागा बरोबर येतात, तिघांनी न सांगता कपडे धुऊन ठेवले आहेत. पिशवीत माझी थापी आहे, खळगा असलेला एक तुकडा आहे, आणि त्या अठरा हातांचे नागनाथनं काढलेले फोटो आहेत. साहेबासमोर ओलं सिमेंट ठेवीन आणि तोच खळगा करून दाखवीन, म्हणजे तुझी तोंडी परवानगी कुठं राहते ते पाहू. सरकारी कामात हात घातला म्हणून मला जे करायचं ते करोत, मी तयार आहे, आईचीही तयारी आहे, उद्याच्या शिदोरीसाठीच ती मेथी निवडते आहे. हे पत्र मी आदिलाबादच्या स्टँडवरच्या पेटीत टाकीन, जबाबावर सही करून झाल्यावर. बोथला पोचायला त्याला तीन दिवस तरी लागतील, तोवर तुला काही करता येणार नाही. फोन केला असता तर तू मला थांबवलं असतंस, माहीत होतं म्हणूनच केला नाही. तुझ्या कामात तुला न विचारता हात घालायची ही माझी दुसरी वेळ, आणि शेवटची. नोकरीवर परत घेतलं की पहिल्या दिवशी इकडे ये. मी दोरीचं दुसरं टोक धरून उभा असेन, आणि तू सांगशील तेवढ्या दरजा उघड्या ठेवीन.

तुझाच, या वेळी सगळं नीट ऐकलेला,
बाबा